लेकुरवाळ्या गोगलगाई

माझ्या नणंदेने गोगलगाई पाळल्या होत्या. लोक कोंबड्या पाळतात, शेळ्या पाळतात, एखादा रिकामटेकडा कबुतरं पाळतो. आमच्या घरी मागल्या दारी, दगडी टाक्यात, गोगलगाई होत्या. मी लग्न होऊन अमडापूरहून पिंपळगाव राजाला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी पाय धुवायला मागे गेले आणि ते टाकं पाहून मला शिसारी आली. हिरवट पाणी, दगडांना चिकटलेले काळपट शंख, आणि काठावर एक बाई दुधीच्या फोडी एक एक करून पाण्यात सोडत बसलेली. कपाळ मोकळं, दोन्ही हात मोकळे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ये वो. भेऊ नको, चावत नाईत."

ती माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. घरात तिला आक्का म्हणत. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. त्याच्या आधीच कधीतरी आक्का माहेरी परत आली होती. सहा वर्षं संसार करून तिला मूल झालं नव्हतं आणि सातव्या वर्षी नवरा पटकीने गेला. आमच्यात बाईचा पाट लावतात, दुसरं घर करून देतात. पण सहा वर्षांत कूस उजवली नाही म्हटल्यावर तिला कोण विचारणार? सासरहून ती आली ती एक पत्र्याची पेटी आणि ओल्या फडक्याने तोंड बांधलेलं एक मडकं घेऊन. मडक्यात बारा गोगलगाई होत्या. तिची सासू झाडपाल्याची औषधं द्यायची, तिच्याकडून ही विद्या तिने घेतली होती. माझी सासू मी यायच्या आधीच वारली, पण शेजारणी सांगत की ती शेवटपर्यंत म्हणायची, लेक सासरहून लेकरू आणायचं सोडून किडे घेऊन आली.

आमचं घर माळ्याचं. घरामागेच विहीर आणि वाडी: वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी. मोटेचं पाणी थारोळ्यात पडे आणि पाटाने वाडीत जाई. जे सांडे ते बाजूच्या खड्ड्यात साठे. आक्काने त्या खड्ड्याला चारी बाजूंनी दगड लावून घेतले आणि सावलीसाठी एका कडेला केळी लावल्या. कमरेएवढं खोल, दोन खाटा मावतील एवढं ते टाकं. घरात तिच्या मालकीचं म्हणावं असं तेवढंच होतं.

तिचा त्या टाक्यापाशी सकाळी अर्धा तास आणि दुपारी अर्धा तास ठरलेला. भिंतीला चुना दिला की उरलेले खडे ती पाण्यात टाकायची, नाहीतर शंख ठिसूळ होतात म्हणे. दुधीच्या फोडी, अंबाडीची पानं, कधी शिजलेल्या भाताची शितं. खाऊन उरलेलं दुसऱ्या दिवशी हाताने बाहेर काढायचं, कारण पाणी सडलं की सगळ्या एका दमात मरतात. मेलेली गोगलगाय ती वासावरून ओळखायची. बगळ्यासाठी काठावर बाभळीची काटेरी फांदी. चैत्र-वैशाखात विहीर तळाला गेली की गोगलगाई चिखलात शिरून तोंडावरचं झाकण लावून बसायच्या, तेव्हा ती चिखलावर ओली पोती टाकायची आणि आपल्या वाटच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी त्या पोत्यांवर शिंपडायची. मी ते पाहून जळायची. माणसांना पाणी पुरत नाही आणि हिचे लाड चाललेत.

नर कोणता आणि मादी कोणती हेही तिला कळायचं. एकदा तिने माझ्या तळहातावर एक ठेवून दाखवलं. झाकण हळूच उघडलं, दोन शिंगं बाहेर आली. "उजवं शिंग पाह्य. आखूड अन् वाकडं हाय ना? हा नर." मग दुसरी, मोठी ठेवली. दोन्ही शिंगं सारखी. "ही बाई. अन् लेकुरवाळी हाय. ह्या अंडे नाई देत वो. पोटातूनच पिल्लू देतेत, आपल्यावानी." हे 'आपल्यावानी' ती बोलून गेली आणि लगेच माझ्या तळहातावरची गोगलगाय उचलून तिने पाण्यात सोडली. मला तेव्हा हसू आलं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पिल्लं व्हायच्या दिवसांत ती पोटुशा माद्या निवडून मातीच्या कुंड्यात वेगळ्या ठेवायची. एखाद्या सकाळी कुंड्याच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं दिसायची. पाठीवर शंख घेऊनच जन्मलेली, कागदासारखा पातळ शंख, आणि लगेच चालायला लागलेली. ती त्यांना बोटाने न उचलता केळीच्या पानावर घेऊन टाक्यात सोडायची.

या सगळ्याचा उपयोग डोळ्यांसाठी. आमच्याकडे डोळे आले की बाळंतिणीचं दूध डोळ्यात घालतात, अजूनही घालतात. आक्काच्या सासूचं म्हणणं असं की जो जीव पोटातून पिल्लू देतो त्याच्या अंगात दूध असतं, आणि ही गोगलगाय पिल्लू देते, तेव्हा तिच्या अंगातलं पाणी म्हणजे दूधच. ते मोठ्या माणसाच्या डोळ्याला चालतं. आक्का लेकुरवाळी गोगलगाय निवडायची, तीन दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवायची, पाणी रोज बदलायची. मग शंखावर नखाने टिचकी मारून ती उलटी धरली की झाकणाच्या कडेने एक स्वच्छ थेंब ओघळायचा. दोन थेंब, की गोगलगाय परत पाण्यात. मिरची तोडणाऱ्या बाया यायच्या, खळ्यावर उफणणी करून डोळे लाल झालेले गडी यायचे. बरं वाटतं म्हणायचे. खरं काय ते देव जाणे. पण लहान लेकराच्या डोळ्यात ती थेंब घालत नसे. कितीही मिनतवारी करा. "लेकराले मायचं दूध घाला, नाईतं दवाखान्यात न्या," एवढंच.

आणि या बाया, ज्या ओटी भरताना तिला दाराआड बसवायच्या, सकाळी वाटेत दिसली तर पदर पुढे ओढून घ्यायच्या, त्याच मागल्या दाराने येऊन "आक्का, जरा पाहा हो" म्हणायच्या. मला ते सलायचं. घरची सून मी, उंबरा ओलांडून आले ती मी, आणि लोक विचारायचे ते तिला. ती कमी बोलायची, आवाज चढवायची नाही, तेही मला खुपायचं. शेजारणीजवळ मी म्हणायची, "गोगलगाय अन् पोटात पाय." शेजारीण हसायची. ती म्हण पुढे मला किती लागू पडणार होती हे मला ठाऊक नव्हतं.

मला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी मी आक्काला सांगितलं की स्वयंपाकाचं तुम्ही पाहा. म्हणजे पाळण्याजवळ येऊ नका. तिला कळलं. तिने पुरणाचा सगळा घाणा एकटीने काढला आणि पाहुणे जेवून गेल्यावर टाक्यापाशी जाऊन बसली. पण लेकराला कुठे काय कळतं? पोरगी रांगायला लागली ती आक्काच्या दिशेने. चालायला लागली ती टाक्याच्या वाटेने. तिथे बसून दोघी पिल्लं मोजायच्या. पोरीला वीसपर्यंत आकडे आक्काने शिकवले, त्या पिल्लांवर. माझ्या पोटची पोर रडताना "आत्या" म्हणून रडायची. मी तिला दोनदा त्यावरून मारलंही आहे.

पोर चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पोळा होऊन गेला होता आणि गावात डोळ्यांची साथ आली होती. घरोघरी लाल डोळे. त्याच आठवड्यात मोठ्या पावसाने गोठ्याकडचा मातीचा बांध फुटला आणि गोठ्यातलं शेणामुताचं पाणी टाक्याच्या एका कोपऱ्यात शिरलं. आक्काने बांध पुन्हा घातला, पण पाणी काळं झालं होतं. बऱ्याच गोगलगाई मेल्या. ज्या जगल्या त्या तळाच्या गाळात बसून होत्या. आल्या गेल्या सगळ्यांना तिने सांगून टाकलं, "टाकं बिघडलं. महिनाभर कोनाले औषध नाई."

आणि माझ्या पोरीचे डोळे आले. पहिल्या दिवशी लाल, दुसऱ्या दिवशी सुजून पापण्या चिकटलेल्या. रात्रभर किरकिर. गरम पाण्याच्या बोळ्याने पुसून पुसून माझी बोटं सुरकुतली. माझं दूध केव्हाच आटलेलं, आणि शेजारपाजारी तेव्हा कोणी बाळंतीण नव्हती. नवरा कांद्याच्या रोपाच्या गडबडीत. मी आक्काकडे गेले. मोठ्या कष्टाने गेले, माझा स्वभाव तसा नाही. म्हटलं, आक्का, पोरीच्या डोळ्यात तुमचे दोन थेंब घाला.

तिने पोरीच्या पापण्या अंगठ्याने हलकेच उघडून पाहिल्या आणि म्हणाली, "हे माह्या हातचं नाई. अन् टाकं बिघडेल हाय. उद्याच्या उद्या खामगावले दवाखान्यात नेजो. मी येतो पाह्यजे तं."

यात न कळण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. पण मी ऐकलं ते वेगळंच. मला वाटलं, हिला माझ्या लेकराचं बरं व्हायला नको आहे. गावच्या गड्यांना देते आणि आपल्या भाचीला नाही म्हणते. मी ओट्यावर येऊन, तिला ऐकू जाईल असं, शेजारणीला म्हणाले, "वांझोट्या बाईले लेकराच्या डोळ्याची काय कदर राह्यते? बरं झालं नाई म्हने. तिचा हात लागून अजून भलतंच व्हायचं."

आक्का आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी खामगावला जायचं ते नवऱ्याने परवावर ढकललं, कारण रोप लावायला मजूर सांगून ठेवले होते. दुपारी तो आणि आक्का दोघंही वाडीच्या पलीकडच्या वावरात होते. घरात मी आणि पोर. पोर कण्हत होती. आणि माझ्या डोक्यात एक विचार आला, तो इतका सरळ वाटला की आधी कसा सुचला नाही याचंच मला नवल वाटलं. औषध आक्काचं नाहीच. औषध गोगलगाईचं आहे. गोगलगाय लेकुरवाळी, मीही लेकुरवाळी. वांझेच्या हातून लेकराला ते लागू पडत नसेल, म्हणूनच ती लेकरांना देत नसेल. लेकुरवाळीचं दूध लेकुरवाळीच्याच हातून जायला पाहिजे. आमच्याकडे हळद लावायला, ओटी भरायला, बाळाला पहिलं न्हाऊ घालायला लेकुरवाळीच लागते. मग हे वेगळं कसं असेल? मला तर वाटलं, एवढी वर्षं ही विद्या चुकीच्या हातात होती.

मी टाक्यावर गेले. वरच्या दगडांवर काही नव्हतं. हात खांद्यापर्यंत घालून तळाच्या गाळात चाचपडले आणि सगळ्यात मोठी, जड हाताला लागली ती काढली. कुंड्यात स्वच्छ पाण्यात तीन दिवस ठेवायचं हे मी शंभरदा पाहिलं होतं, पण तो मला आक्काचा सोपस्कार वाटायचा. आणि उपाशी ठेवलेल्या आईला दूध कुठून येणार, असंही मनात आलं. टिचकी मारली, उलटी धरली. थेंब आला नाही. झाकण घट्ट. मग मी गोठ्यामागे जाऊन दगडाने शंखाचं टोक ठेचलं आणि कापसाचा बोळा आत दाबला. बोळ्यासोबत पिल्लं बाहेर आली, सात-आठ, अर्धवट, शंख नीट न झालेली. ती मी बोटाने झटकून टाकली.

पोरीचं डोकं मी दोन्ही गुडघ्यांत धरलं. ती आक्रसत होती, हात मारत होती, माझ्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या. डोळे तिचे चिकटलेलेच. मी डावी पापणी ओढून बोळा पिळला. ती किंचाळली तेव्हा मी म्हणाले, "गप. आत्याचं औषध हाय. आत्याचं हाय, गप." आत्याचं नाव घेतलं की ती शांत व्हायची म्हणून म्हटलं. खरंच शांत झाली. उजव्या डोळ्यात घालायला बोळ्यात काही उरलं नव्हतं. तेवढा एक डोळा वाचला.

ठेचलेला शंख मी उकिरड्यावर टाकला आणि हात धुतले.

रात्री ताप चढला. सकाळी डावा डोळा लिंबाएवढा सुजून पू यायला लागला होता. तेव्हा मजूर बिजूर सगळं विसरून नवऱ्याने गाडी जुंपली. दवाखान्यातल्या डॉक्टरने पापणी उघडली, आत पाहिलं आणि विचारलं, डोळ्यात काय घातलं होतं? मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, हे मी देवासमोरही सांगीन. पण त्याआधी पोरच बोलली. "आत्याचं औषध."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचा जबडा आवळला गेला तो मला बाजूने दिसला. आणि मी तोंड मिटलं. एवढंच केलं मी. खोटं बोलले नाही, फक्त तोंड मिटलं.

आठ दिवस तिथे राहून आम्ही परत आलो. उजवा डोळा बरा झाला. डाव्या बुबुळावर पांढरं फूल पडलं, आणि ते आता जाणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दारात आक्का उभी होती. तिने पोरीला घ्यायला हात पुढे केले. नवरा मधे आला.

"आक्का, तू घातलं काय पोरीच्या डोळ्यात?"

आक्काने आधी पोरीचा डोळा पाहिला, बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या एका हाताची मूठ मिटलेली होती. मी चुलीकडे पाहत होते, आणि चूल तर विझलेली होती. आठ दिवसांत उकिरडा तिने उपसला असणार, तिच्या टाक्यातला एकेक जीव तिला ओळखू यायचा. मला वाटलं, आता ती मूठ उघडेल आणि ठेचलेला शंख दाखवेल.

"हाव," आक्का म्हणाली. "मीच घातलं."

नवरा रागीट माणूस नव्हता. बहिणीवर त्याचा जीव होता. म्हणूनच बहुतेक तो तिला काही न बोलता फावडं घेऊन मागे गेला. टाक्याची वाडीकडची बाजू त्याने पाडली. पाणी वांग्यांच्या वाफ्यात गेलं आणि गोगलगाई गाळात उघड्या पडल्या. कावळे जमले. उरलेल्या त्याने टाचेने चिरडल्या. दुसऱ्या दिवशी दोन गाड्या माती आणून टाकं बुजवलं. आक्का हे सगळं मागल्या दारात बसून पाहत होती. रडली नाही. मी मात्र रडले, आणि लोकांना वाटलं पोरीसाठी रडते आहे.

त्याच आठवड्यात तिला वडनेर भोलजीला पोचवलं. तिथे लांबचे एक मामा होते, त्यांच्या गोठ्याला लागून एक खोली रिकामी होती. जाताना तीच पत्र्याची पेटी. पोर तिच्या मागे पळाली नाही. दवाखान्यातल्या आठ दिवसांत सगळ्यांनी मिळून तिला शिकवून टाकलं होतं की तुझा डोळा आत्याने खाल्ला.

मला सुटल्यासारखं वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. मला राग आला. तिचाच. खोटं माझं होतं, तेही तिने माझ्याकडून काढून घेतलं. आता मी खरं सांगितलं असतं तरी लोक म्हणाले असते, भावजय किती मोठ्या मनाची, नणंदेचा दोष अंगावर घेते. असं मी स्वतःला सांगायची. वर्षानुवर्षं सांगितलं. भित्र्या माणसाला कारणं फार लवकर सापडतात.

पोर मोठी झाली. शाळेत तिला काणी म्हणायचे, ती तिसरीतून घरी बसली. पाहायला आलेले पाहुणे पोहे खाऊन जायचे आणि निरोप पाठवायचे नाहीत. शेवटी बिजवराला दिली, आधीची दोन मुलं असलेल्या. दर नकारानंतर ती एकच वाक्य बोलायची, "त्या वांझोटीनं माहा डोळा खाल्ला." शब्द माझाच होता. ओट्यावर शेजारणीला ऐकवलेला. मी निवडत असलेली भाजी निवडत राहायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी आक्का आली होती. बोलावलं नव्हतं. मागल्या दाराने आली आणि जिथे टाकं होतं तिथे उभी राहिली. तिथे मी मेथी लावायची, माती खतावलेली असल्यामुळे भाजी चांगली यायची. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. तिने पाणी प्यायलं, तांब्या परत दिला. केस पांढरे झाले होते. "नवरदेव चांगला हाय ना?" एवढंच तिने विचारलं. मी हो म्हटलं. मला त्या वेळी तिचे पाय धरता आले असते, कोणी पाहत नव्हतं. तेवढ्यात पोर हळदीच्या अंगाने मागे आली, तिला ओळखलं आणि म्हणाली, "माय, हिले काढ इथून." आक्का आपण होऊनच गेली.

नंतर नवरा वारला. आक्का आली नाही, तिला कळवलंच नव्हतं. त्यानंतर काही वर्षांनी भाजीच्या एका अडत्याने निरोप आणला की वडनेरची म्हातारी गेली, तेरवी झाली, खोलीतलं सामान कोणी घेऊन जा, मामांच्या नातवांना खोली पाहिजे. पोर तेव्हा माहेरी आलेली होती. मी एकटीने जायला निघाले तर ती म्हणाली, "चाल, मी येतो. मेली, आता काय राग."

नांदुऱ्याला गाडी बदलून आम्ही पोचलो. खोलीत सामान काय, पेटी, दोन पातेली, एक गोधडी. मी पेटी उचलली आणि मागचं दार उघडलं. मागे, मोरीच्या पलीकडे, जमिनीत अर्धा पुरलेला एक रांजण होता. वर काटेरी फांदी. आत पाणी, पाण्यात चुन्याचा खडा, आणि रांजणाच्या आतल्या अंगाला गोगलगाई. मोठ्या, लहान, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. म्हणजे त्या दिवशी तिने काही वाचवल्या होत्या. कुठून, कशात, मला दिसलं नव्हतं.

शेजारची बाई आली. चांगली बोलकी. तुम्ही कोण, कुठल्या, हे विचारायच्या आधीच सांगायला लागली की म्हातारीच्या हाताला फार गुण होता, सगळा गाव डोळे दाखवायला यायचा. "पन लेकरांच्या डोळ्यात नाई घालायच्या. कोनी कितीबी रडो. म्हनायच्या, माह्या हातून एका पोरीचा डोळा गेला, आता मी लेकराले हात नाई लावत." मग तिचं लक्ष माझ्या पोरीच्या तोंडाकडे गेलं. ती थांबली, पदर सारखा केला आणि चहा ठेवते म्हणून घरात गेली.

आमच्या घरातून, आमच्या गावातून इतक्या लांब, जिथे आम्हाला कोणी ओळखत नव्हतं, तिथेही तिने ते बदललं नव्हतं. तिथे तिला कोणी विचारलंही नसतं. मी रांजणाच्या काठाला धरून खाली बसले.

चहा पिऊन आम्ही स्टॅंडवर आलो. निंबाखाली बसलो. पेटी मधे. पोर रस्त्याकडे पाहतच म्हणाली, "माय, मले त्या दिवसाचं एकच आठवते. डोळे चिकटेल होते, दिसत काई नव्हतं. पन बांगड्या वाजून राह्यल्या होत्या. इथं, कानापाशी."

मी पेटी आपल्याकडे ओढून घेतली.

"आत्याच्या हातात बांगड्या कुठं होत्या?"

इतक्या वर्षांत मी मनातल्या मनात हजारदा उत्तरं रचली होती. मोठमोठी. रडण्यासकट.

"हाव," मी म्हणाले.

गाडी आली. ती आधी चढली, खिडकीशी बसली. मी पेटी मांडीवर घेऊन तिच्या डाव्या बाजूला बसले, तीच एक जागा रिकामी होती. त्या बाजूने तिला दिसत नाही. माझ्याकडे पाहायचं तर तिला मान पूर्ण वळवावी लागते. नांदुरा येईपर्यंत तिने ती वळवली नाही.